तांबडी प्रत

आम्हाला काळी शाई बाळगायला बंदी आहे.
दारावर झडती होते. बाह्या, मोज्यांचे तळ,
रोटीसुद्धा मोडून बघतात.
आत आल्यावर प्रत्येकाला एक वाटी हिंगुळ,
एक कुंचला,
आणि चौदा जणांत मिळून एक दिवा.

नानचिंगच्या परीक्षागृहात मी नकलनवीस.
पलीकडे दहा-बारा हजार माणसं, मिसरूड न फुटलेली आणि दात पडलेलीही,
खुराड्याएवढ्या खोल्यांत बसून तीन फेऱ्या लिहून गेली.
त्यांची नावं दुमडून, खळीने चिकटवून, वर शिक्का.
तरी माणसाचं अक्षर ओळखू येतंच.
म्हणून आम्ही.
काळं लिहिलेलं सगळं तांबड्यात उतरवायचं.
आतले परीक्षक फक्त तांबडं वाचतात.
प्रांतसाहेबाच्या भाच्याचं रेशमी वळण
आणि नावाड्याच्या पोराचं खडबडीत,
माझ्या हातून दोन्ही निघतात
ती सारखीच गचाळ.
माझं अक्षर वाईट आहे. इथे त्याचा उपयोग होतो.

(मी इथे कसा लागलो ते विचारू नका.
मामा कचेरीत दप्तरी होता.
एक बदक, दोन मडकी दारू, झालं काम.
गुणांच्या राखणीला माणसं निवडताना
गुण बघायची पद्धत नाही.)

नियम एकच: मक्षिकास्थाने मक्षिका.
चुकलं असेल तर चुकलेलं, गळलं असेल तर गळलेलं.
मागून दोघं पिवळी शाई घेऊन ताडून बघतात,
पण तीही माणसंच,
अकराव्या रात्री पेंगतात.

काल मध्यरात्रीनंतर एक उत्तरपत्रिका उलगडली
आणि पहिल्याच रांगेत हात थांबला.
प्रत्येक अक्षराचा शेवटचा फटकारा घाईत,
जणू मागे कुणी लागलंय.
ही घाई माझीच.
ऊहूच्या धक्क्यावर, कागद परवडत नव्हता तेव्हा,
मी शिकवायचो पाण्यात बुडवलेल्या कुंचल्याने
उन्हात तापलेल्या फरशीवर.
पाय काढेपर्यंत अक्षराचं डोकं वाळून जाई.
फेइशान विचारायचा, "गुरुजी, पुसायच्या आत संपवायचं?"
मी म्हणायचो, "हो. पळ."
अजून पळतोय.

प्रश्न धान्यकोठारांचा होता.
उंदीर किती पायांचे असतात
ते त्याने कुणाचं नाव न घेता लिहिलं होतं.
एक शब्द जास्तीचा नाही,
पाण्याने लिहिणाऱ्याला उधळपट्टी जमत नाही.
मी तीनदा बसलोय या परीक्षेला.
असं एक पान माझ्याने झालं नाही.

आणि सातव्या रांगेत टिंब राहिलंय.
तांदळाच्या कणीएवढं. पण आमच्या लिपीत
'चिरकाल'वरचं टिंब गेलं
की खाली जवळजवळ नुसतं 'पाणी' उरतं.
परीक्षक हसतील. कदाचित बाजूला सारतील.

कुंचल्याच्या टोकाला तेवढा हिंगुळ होताच.
पिवळ्या शाईवाला घोरत होता.
मी टोक कागदाच्या इतकं जवळ नेलं
की दिव्याच्या उजेडात त्याची सावली
नेमकी तिथेच पडली, जिथे टिंब हवं होतं.

दिलं असतं, तर त्या टिंबाला
बदकाचा वास आला असता.

पाणी लिहिलं.
पुढची रांग घेतली.
त्यानंतर कुणा दुसऱ्याची पत्रिका आली,
सुबक, निर्दोष, आणि आत काहीच नाही.
तीही उतरवली, माशीला माशी लावून.

सकाळी हौदावर हात धुतले.
नखांतलं तांबडं निघत नाही, महिनाभर निघणार नाही.
बाहेर मोगऱ्यासारखं काहीतरी फुललंय म्हणतात,
आम्हाला दार उघडेपर्यंत फक्त वास.

यादी लागायला वीस दिवस आहेत.
मी बघायला जाणार नाही.
म्हणजे जाईन,
पण दिवेलागणीला, गर्दी ओसरल्यावर,
आणि वाचायला सुरुवात
खालून करीन.